विश्लेषण : पाच वर्षांत दुसऱ्यावरून चौदाव्या स्थानी… तरीही आर्सेनलने हर्बर्ट चॅपमन यांना का ठेवले?

युरोपातल्या एखाद्या बड्या फुटबॉल क्लबने मॅनेजर बदलला की पुण्या-मुंबईत रात्री जागून सामने बघणाऱ्यांमध्येही वाद पेटतो. नव्या माणसाने याआधी काय जिंकलंय? त्याला खेळाडू घ्यायला किती पैसे मिळणार? आणि सुरुवात वाईट झाली तर थांबायचं किती? या तिन्ही प्रश्नांच्या कसोटीवर हर्बर्ट चॅपमन यांची कारकीर्द तपासली, तर निवडीच्या वेळी दिसणारे आकडे किती फसवे असू शकतात ते कळते. आज ज्याला आपण ‘मॅनेजर’ म्हणतो, ते पद घडवण्यात चॅपमन यांचा वाटा फार मोठा आहे.

चॅपमन कोण होते?

जन्म १९ जानेवारी १८७८ चा, इंग्लंडमधल्या शेफिल्डजवळच्या किव्हटन पार्क या कोळसा खाणींच्या गावातला. वडील खाण कामगार. हर्बर्ट यांनी खाण अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. खेळाडू म्हणून ते अनेक क्लब फिरले, टॉटनहॅमकडूनही खेळले; पण नाव झाले नाही. १९०७ मध्ये तळाशी पडलेल्या नॉर्दम्प्टनची सूत्रे त्यांच्या हाती आली आणि १९०९ मध्ये हा संघ सदर्न लीगचा विजेता ठरला.

त्या काळी मॅनेजर म्हणजे बहुतेक ठिकाणी पत्रव्यवहार, प्रवास आणि पगार बघणारा सेक्रेटरी. संघात कोण खेळणार हे क्लबचे संचालक ठरवत. संघ निवडीपासून खेळाडूंच्या खरेदीपर्यंत सगळे एका हाती असावे, हा चॅपमन यांचा आग्रह होता.

बंदी का आली होती?

१९१२ मध्ये ते लीड्स सिटीमध्ये गेले. पहिल्या महायुद्धात क्लबचे काम सोडून ते बार्नबो येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात व्यवस्थापक झाले. युद्धकाळात लीड्सने खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याचा आरोप १९१९ मध्ये झाला. क्लबने हिशेबाची कागदपत्रे द्यायला नकार दिला आणि लीगने क्लबलाच बाहेर काढले. चॅपमन यांच्यावरही बंदी आली. ते एका तेल गिरणीत नोकरी करत होते, पुढे तीही गेली.

म्हणजे १९२० च्या अखेरीस त्यांच्या नावापुढे काय होते? बंदी, बेकारी आणि एका खालच्या दर्जाच्या लीगचे विजेतेपद. हडर्सफिल्ड टाऊन या क्लबने तरीही त्यांना बोलावले. कथित व्यवहारांच्या काळात ते कारखान्यात होते, हा मुद्दा अपिलात मान्य झाला आणि बंदी उठली. १९२२ मध्ये हडर्सफिल्डने एफए कप जिंकला, १९२४ आणि १९२५ मध्ये सलग दोनदा लीग.

यातले पहिले लीग विजेतेपद किती थोडक्यात हाती आले, ते आकड्यांचा नाद असणाऱ्यांनी जरूर बघावे. हडर्सफिल्ड आणि कार्डिफ यांचे गुण समान, ५७. तेव्हा केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागत. हडर्सफिल्डचे ६० भागिले ३३, कार्डिफचे ६१ भागिले ३४. फरक ०.०२४ चा. आजच्यासारखी वजाबाकी केली असती तर दोघांचेही २७ आले असते आणि एक गोल जास्त केलेला कार्डिफ विजेता ठरला असता!

जाहिरात एक, खरेदी दुसरीच

१९२५ मध्ये आर्सेनल लीगमध्ये विसावा आला. २२ संघांत जेमतेम वाचला. अध्यक्ष सर हेन्री नॉरिस यांनी मॅनेजर लेस्ली नाइटन यांना काढले आणि वर्तमानपत्रात जाहिरात दिली. भरमसाट पैसे मोजून खेळाडू आणण्यापलीकडे ज्यांना संघ बांधता येत नाही, त्यांनी अर्जच करू नये, असा तिचा आशय होता. निवड झाली चॅपमन यांची, वर्षाला २ हजार पौंड पगारावर.

जाहिरातीतली अट काही फार काळ टिकली नाही. चॅपमन यांनी लगेच सुंदरलँडच्या चार्ली बुकनची मागणी केली. सुंदरलँडला हवे होते ४ हजार पौंड. घासाघीस होऊन सौदा ठरला तो असा : २ हजार रोख आणि पहिल्या हंगामातल्या प्रत्येक गोलमागे १०० पौंड. बुकनने २१ गोल केले. एकूण ४,१०० पौंड, म्हणजे मूळ मागणीपेक्षा १०० जास्तच. १९२७ मध्ये आर्थिक गैरव्यवहारांवरून नॉरिस यांनाच फुटबॉलबाहेर जावे लागले. पुढच्याच वर्षी चॅपमन यांनी बोल्टनच्या डेव्हिड जॅकसाठी जवळपास ११ हजार पौंड मोजले. फुटबॉलमधला हा पाच आकडी रकमेचा पहिला व्यवहार.

मैदानावर काय बदलले?

१९२५ मध्येच ऑफसाइडचा नियम सैल झाला. आक्रमकासमोर प्रतिस्पर्ध्याचे तीनऐवजी दोन खेळाडू असले तरी चालू लागले आणि बचाव उघडे पडले. ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलने आर्सेनलला ७-० ने धुतले. त्यानंतर बुकनच्या सूचनेवरून चॅपमन यांनी मधल्या फळीतला सेंटर-हाफ मागे ओढून बचावात तिसरा खेळाडू केला. मधली पोकळी भरायला आक्रमणातला एक जण खाली आणला. याच मांडणीला पुढे ‘डब्ल्यू-एम’ नाव पडले. कल्पना एकट्या चॅपमन यांची नव्हती. तिला साजेसे खेळाडू एकेक करून शोधणे, हे काम मात्र त्यांचे होते. त्याला पाच वर्षे लागली.

आणि ही पाच वर्षे कागदावर भयंकर दिसतात. पहिल्या हंगामात दुसरे स्थान. मग अकरावे, दहावे, नववे आणि १९३० मध्ये चौदावे. मध्ये १९२७ च्या एफए कप अंतिम सामन्यात कार्डिफकडून ०-१ अशी हार, तीही गोलरक्षक डॅन लुईसच्या हातातून निसटलेल्या चेंडूमुळे. महागडे खेळाडू आणि उतरता आलेख. आजच्या चाहत्यांनी एवढी कळ काढली असती का? मला तरी वाटत नाही.

त्याच १९३० मध्ये आर्सेनलने पहिला एफए कप जिंकला. अंतिम सामन्यात २-० ने हरवले ते नेमके हडर्सफिल्डला. पुढच्या हंगामात ४२ सामन्यांत १२७ गोल करत लीग जिंकली. दक्षिण इंग्लंडमधला हा पहिला लीग विजेता. १९३३ मध्ये पुन्हा लीग.

याच काळात शर्टावर नंबर, दिव्यांच्या प्रकाशात सामने अशा कल्पनांसाठी ते झगडत होते. फुटबॉल संघटनेने त्या वेळी दाद दिली नाही. भुयारी रेल्वेच्या गिलेस्पी रोड स्थानकाला ‘आर्सेनल’ नाव मिळवण्यात मात्र ते १९३२ मध्ये यशस्वी झाले. स्वभाव कठोरच. जानेवारी १९३३ मध्ये तिसऱ्या श्रेणीतल्या वॉलसॉलने आर्सेनलला कपमधून बाहेर काढले, तेव्हा पेनल्टी देणाऱ्या टॉमी ब्लॅकला आठवडाभरात विकून टाकले. याला शिस्त म्हणावे की राग, हा वाद करण्यासारखा आहे.

श्रेय कोणाचे?

१९३४ च्या पहिल्या आठवड्यात सर्दी झालेली असतानाही ते गिलफोर्डला क्लबच्या तिसऱ्या संघाचा सामना बघायला गेले. न्यूमोनिया झाला आणि ६ जानेवारीला पहाटे त्यांचे निधन झाले. वय ५५. त्याच दुपारी आर्सेनलचा संघ घरच्या मैदानावर शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध उतरला आणि सामना १-१ असा सुटला.

१९३४ आणि १९३५ ची लीगही आर्सेनलने जिंकली, म्हणजे सलग तीन. चॅपमन गेल्यानंतर १९२६ मध्ये हडर्सफिल्डनेही अशीच सलग तिसरी लीग जिंकली होती, तेव्हा मॅनेजर होते सेसिल पॉटर. आर्सेनलच्या १९३५ च्या विजेतेपदावर नाव आहे जॉर्ज अॅलिसन यांचे.