पावणेचार तास

आधीच सांगून टाकते, माझं मराठी शुद्धलेखन एटीकेटी लेव्हलचं आहे. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, घरी बोलायला मराठी आणि लिहायला मराठी फक्त पेपरपुरतं. तरी मराठी विभागाच्या मंडळींनी पकडलंच. मग म्हटलं, लिहिताना मला स्वतःला बोअर होणार नाही अशा माणसावर लिहू. जे.आर.डी. टाटा.

थांबा, पान उलटू नका! उद्योगपती, भारतरत्न वगैरे निबंध आपण सगळ्यांनी शाळेत लिहिलाय. मला फक्त त्यांच्या विमान शिकण्याबद्दल सांगायचंय.

जेआरडींचा जन्म 1904 चा, पॅरिसचा. आई फ्रेंच, त्यामुळे लहानपणची भाषाही फ्रेंच. (आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना तेवढाच दिलासा.) उन्हाळ्यात कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डलोला राहायचं आणि तिथे शेजार होता लुई ब्लेरिओचा. 1909 मध्ये विमानाने इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारा तोच तो ब्लेरिओ. त्याचं विमान सरळ समुद्राच्या वाळूवर उतरायचं. शेजारी असं असेल तर मुलाचं डोकं फिरणारच ना? पंधराव्या वर्षी जेआरडींना विमानातून एक चक्कर मिळाली आणि वैमानिक व्हायचं हे तिथेच ठरलं.

पण ठरवून काय होतं? शिकायला मिळेपर्यंत मध्ये जवळजवळ दहा वर्षं गेली. त्यांना केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग करायचं होतं, तेही राहिलं. आधी फ्रेंच सैन्यात एक वर्ष सक्तीची नोकरी, मग वडिलांनी कामासाठी भारतात बोलावून घेतलं. 1926 मध्ये वडील गेले. घरातला मोठा मुलगा, वय बावीस. डिग्री कायमची राहून गेली आणि त्याची खंत त्यांना आयुष्यभर होती. आपण इथे सबमिशनच्या नावाने बोटं मोडत असतो, हे वाचून मला जरा कसंतरीच झालं.

मग मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला. 1929 चा जानेवारी, जुहू. जेआरडी चोवीस वर्षांचे.

शिकायचं विमान म्हणजे जिप्सी मॉथ. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, एकावर एक दोन पंख, चार सिलिंडरचं इंजिन. कॉकपिट उघडं. रेडिओ नाही, चाकांना ब्रेक नाहीत. शिक्षक पुढच्या सीटवर, विद्यार्थी मागे, आणि बोलायचं ते एका नळीतून. आकाशात जाणं त्या मानाने सोपं, खरी व्हायवा उतरताना. जमीन जवळ आली की नाक हळूहळू वर घ्यायचं. लवकर घेतलं तर विमान अधांतरी राहून धपकन खाली, उशीर केला तर आपटून उडी. किती वर घ्यायचं याचा फॉर्म्युला नाही, ते हाताला कळावं लागतं.

जेआरडींच्या हाताला ते पावणेचार तासांत कळलं. एवढंच शिक्षण झाल्यावर ते एकटे उडाले! पुढची सीट रिकामी झाली की विमान हलकं होतं आणि एरवीपेक्षा पटकन वर चढतं. समोर कायम दिसणारं ते डोकं नाही, नळीतून ओरडणारं कोणी नाही. मी हे नुसतं वाचताना हॉस्टेलच्या कॉटवर उठून बसले होते.

10 फेब्रुवारी 1929 ला परवाना मिळाला. नंबर 1. भारतात दिलेला पहिला. पुढे एवढे मानसन्मान मिळाले, पण या छोट्याशा कागदाइतका आनंद दुसऱ्या कशाने झाला नाही असं ते सांगायचे.

मग आगाखानांनी 500 पौंडांचं बक्षीस लावलं. इंग्लंड ते भारत किंवा उलट, एकट्याने उडणाऱ्या भारतीयासाठी. जेआरडी कराचीहून निघाले, समोरून ॲस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा येत होता. इजिप्तमध्ये अबुकिरला दोघांची गाठ पडली. ॲस्पी अडकून पडलेला, कारण स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींनी स्वतःजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. ॲस्पी उडाला आणि काही तासांच्या फरकाने जिंकला!

खरं सांगू? गेल्या सेमिस्टरला एकीने माझ्याकडे मॅथ्सच्या नोट्स मागितल्या होत्या. मी सांगितलं, हरवल्या. बॅगेतच होत्या. तिला केटी लागली. त्यामुळे या प्रसंगावर मी जरा जास्तच अडले. जेआरडींना हरायची हौस नव्हती, शर्यतीत ते जिंकायलाच उतरले होते. मला वाटतं, समोर धड मशीन नि धड पायलट जमिनीवर नुसता बसून आहे, हेच त्यांना बघवलं नसेल. तोच ॲस्पी 1960 मध्ये भारताचा हवाईदल प्रमुख झाला.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टपालाची थैली घेऊन कराचीहून जुहूला आले, वाटेत अहमदाबादला पेट्रोल आलं ते बैलगाडीतून! त्यातूनच एअर इंडिया उभी राहिली. 1953 मध्ये ती सरकारने घेतली, 1978 मध्ये त्यांना अध्यक्षपदावरूनही काढलं.

आणि 15 ऑक्टोबर 1982 ला तोच मार्ग त्यांनी पुन्हा उडून दाखवला. कराची, अहमदाबाद, मुंबई. विमान जुनंच, लेपर्ड मॉथ. वय अठ्ठ्याहत्तर. जुहूला उतरले तेव्हाही विमानात ते एकटेच होते.