विश्लेषण : वीर बाबूराव शेडमाके कोण होते? चांद्याच्या जंगलातला उठाव कशासाठी होता?

दरवर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या कारागृहातील पिंपळाच्या झाडाजवळ आदिवासी बांधव अभिवादनासाठी जमतात. १८५८ मध्ये याच दिवशी बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांना येथे फाशी देण्यात आली. तेव्हा त्यांचे वय अवघे २५ वर्षांचे होते.

बाबूराव कोण होते?

बाबूराव हे गोंड जमीनदार घराण्यातले. त्यांचा जन्म १२ मार्च १८३३ चा. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी भागात मोलमपल्ली ही त्यांची छोटी जमीनदारी होती. ती अहेरीच्या मोठ्या जमीनदारीच्या अखत्यारीत येत असे.

उठाव का झाला?

चांद्यावर आधी गोंड राजांचे आणि नंतर नागपूरकर भोसल्यांचे राज्य होते. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. डलहौसीने वारस नामंजूर केला आणि १८५४ मध्ये नागपूरसह चांदाही इंग्रजांकडे गेला. जंगलातल्या जमीनदाऱ्यांचा कारभार तोपर्यंत बराचसा स्थानिकांच्याच हाती होता. आता निर्णय परके अधिकारी घेऊ लागले. हीच ठिणगी होती.

१८५८ मध्ये काय घडले?

मार्च १८५८ मध्ये बाबूरावांनी राजगड परगण्यावर चाल केली. गोंड तरुणांबरोबर रोहिलेही त्यांच्या फौजेत होते. आरपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी फौज पाठवली, पण डोंगर आणि जंगलाच्या आडोशाने लढणारे बंडखोर हाती लागेनात. २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथील तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले, तर पीटर नावाचा तिसरा निसटला.

ते पकडले कसे गेले?

लढाईत जे जमले नाही ते इंग्रजांनी दबावाने साधले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या मदतीने सप्टेंबरमध्ये बाबूराव पकडले गेले आणि महिन्याभरात त्यांना फासावर चढवण्यात आले. व्यंकटराव बस्तरला निसटले, पण १८६० मध्ये तेही सापडले. त्यांना जन्मठेप झाली आणि जमीनदारी जप्त झाली. लक्ष्मीबाईंना मात्र जप्त मुलखातली गावे बक्षीस मिळाली. आपल्याच माणसांत फूट पडल्याची ही सल आजही या भागात बोलून दाखवली जाते.

आज त्यांची आठवण का?

पुढे इंग्रजांनी वनकायदे केले आणि जंगलावर सरकारची मालकी पक्की झाली. स्वातंत्र्यानंतरही हे चित्र फारसे बदलले नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काची वाट खुली केली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये हा हक्क मिळाला. २०११ मध्ये तेथील ग्रामसभेकडे बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकारही आले. टपाल खात्याने बाबूरावांवर तिकीट काढले, तेही २००९ मध्येच.

बाबूराव जमीनदार होते. आजचा लढा ग्रामसभेचा आहे. त्यामुळे दोन्ही एकच म्हणता येणार नाहीत. मात्र जंगलाचा निर्णय जंगलात राहणाऱ्यांनी घ्यायचा की दूरच्या कचेरीने, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.