शंकर गुहा नियोगी

सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभारलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली. तिला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहराच्या डोंगरांतून येई, आणि ते फोडून वाहून नेणारे छत्तीसगडी स्त्री-पुरुष बहुतांशी ठेकेदारांचे मजूर असत. या श्रमिकांच्या जीवनाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते शंकर गुहा नियोगी मूळचे बंगालचे. त्यांचा जन्म 1943 सालचा. मूळ नाव धीरेश. तरुणपणीच ते भिलाईस आले व कोक-भट्टीवर कामास लागले. चळवळीपायी ती नोकरी गेली. पुढे दानीटोला येथील खाणीत त्यांनी मजुरी केली आणि एका खाणमजूर स्त्रीशीच विवाह केला. ज्यांचे नेतृत्व करावयाचे त्यांचेच जिणे त्यांनी आधी पत्करले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आणीबाणीतील कारावासातून सुटताच 1977 साली राजहराच्या मजुरांनी त्यांस बोलावून घेतले व नवी संघटना स्थापन झाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात 11 जण मृत्युमुखी पडले. तरीही लढा टिकला, मजुरी वाढली.

खरी परीक्षा त्यानंतरच आली. वाढलेला पैसा घरी न जाता दारूच्या गुत्त्याकडे वाहू लागला. दिवसभर दगड फोडणाऱ्यास थकवा घालविण्यासाठी मद्य हवेच, अशी समजूत रूढ होती. स्वतः पिणारेही ती खरी मानीत. मालकाशी भांडून मिळविलेले आपणच आपल्या हाताने गमावीत आहोत, हे मजुरास उमगल्यावाचून मजुरीवाढीस अर्थ नाही, हे नियोगींनी ओळखले. संघटनेने मद्यपानाविरुद्ध मोहीम उघडली; पिणाऱ्यास दंड ठरविला. स्त्रिया तर हिरिरीने पुढे आल्या. आपणच आपला उद्धार करावा, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. नियोगी अध्यात्ममार्गाचे पथिक नव्हेत, त्यांची विचारसरणी मार्क्सची. परंतु हजारो कष्टकऱ्यांनी त्या काळी दारू सोडली ती अशा आत्मपरीक्षणाच्या बळावरच. मद्यविक्रेत्यांचे वैर अर्थातच ओढवले.

संघटनेचे काम मजुरीच्या मागणीपुरते राहिले नाही. मजुरांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. संघटनेतील एक कार्यकर्ती प्रसूतीच्या वेळी उपचाराअभावी मरण पावली, तेव्हा आपले रुग्णालय आपणच बांधावयाचे असे मजुरांनी ठरविले. स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमांतून त्यांनी ते उभारले. गोळीबारातील मृतांच्या स्मरणार्थ ‘शहीद रुग्णालय’ हे नाव दिले, आणि 1983 च्या जूनमध्ये ते सुरू झाले.

पुढे भिलाईच्या खाजगी कारखान्यांतील ठेकामजुरांचा प्रश्न नियोगींनी हाती घेतला. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे भिलाईतील घरी ते निद्रिस्त असता त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. वय अवघे 48. त्यांचा देह संघटनेच्या लाल-हिरव्या ध्वजात गुंडाळून राजहरास नेण्यात आला आणि खाणमजुरांच्या अफाट समुदायासमक्ष त्यास अग्नी देण्यात आला.