स्वामी रामानंद तीर्थ : मुक्तिसंग्राम ते संसद

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी स्वामी रामानंद तीर्थ यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. त्यांचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. ना. म. जोशी यांच्यासमवेत कामगार चळवळीत काम केल्यानंतर ते हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले. संन्यासदीक्षा घेऊनही त्यांनी अध्यापन सोडले नाही. पुढे अंबाजोगाई ही त्यांची कर्मभूमी ठरली.

१९३८ मध्ये निजाम सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली, तेव्हा सत्याग्रह करून त्यांनी कारावास पत्करला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी स्वामीजींना अटक झाली. गांधीविचारांच्या या संन्याशाचे अनुयायी आता सीमेवरील शिबिरांतून सशस्त्र लढा देऊ लागले. नांदेड जिल्ह्यातील उमरी बँकेवरील छापा हा त्याचाच भाग होय. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि स्वामीजी मुक्त झाले.

१९५२ मध्ये गुलबर्गा व १९५७ मध्ये औरंगाबाद येथून ते लोकसभेवर निवडून गेले. ज्या राज्याच्या मुक्तीसाठी तुरुंगवास सोसला, त्याच राज्याच्या भाषावार विभाजनाचा त्यांनी आग्रह धरला. १९५६ मध्ये हैदराबाद राज्य विसर्जित झाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांची फळीही तीन राज्यांत विभागली गेली. आपल्या राजकीय बळापेक्षा जनतेच्या भाषेला त्यांनी अधिक मोल दिले, हे त्यांच्या राजकारणाचे मर्म होय.

२२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. नांदेड येथील विद्यापीठ आज त्यांचेच नाव धारण करते.