जॉर्ज शार्पी: पोलादाला थंडी बाधते का, हे मोजायला शिकवणारा माणूस

कोरोनाच्या काळात हॉस्पिटलच्या आवारात द्रवरूप ऑक्सिजनच्या उंच पांढऱ्या टाक्या तुम्ही पाहिल्या असतील. मी बुलढाणा जिल्ह्यातला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर. इथे लोखंडाला थंडी बाधते म्हटलं तर लोक हसतील. पण त्या टाकीच्या आत उणे १८३ अंश असतात. ही थंडी हवेतून येत नाही, आतून येते.

साधं पोलाद गार झालं की ठिसूळ होतं. ओली पऱ्हाटी वाकते, वाळलेली कट्कन मोडते, तसंच. हे आकड्यात मांडायची रीत जॉर्ज शार्पी यांनी रुळवली. आपली इंजिनिअरिंगची पोरं त्यांना ‘चार्पी टेस्ट’मुळे ओळखतात, माणूस म्हणून मात्र फारसं कोणी ओळखत नाही.

शार्पी यांचा जन्म १८६५ चा, फ्रान्समधल्या लिऑं शहराजवळचा. शिक्षण पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये. १८९२ मध्ये डॉक्टरेट मिळवली, तीही क्षारांच्या द्रावणांवर! मग नौदलाच्या प्रयोगशाळेत धातूंशी गाठ पडली आणि १८९८ मध्ये ते माँल्युसाँच्या पोलाद कारखान्यात गेले.

तेव्हा पोलाद हळूहळू ताणून तपासत. त्यात पास झालेलं पोलादही कधीकधी एका धक्क्यात तुटायचं. शार्पींनी १९०१ मध्ये आपली पद्धत मांडली. जड लंबक ठरलेल्या उंचीवरून सोडायचा, वाटेतला खाच पाडलेला तुकडा मोडू द्यायचा, आणि लंबक पलीकडे किती वर गेला ते बघायचं. कमी वर गेला, म्हणजे तुकड्याने जास्त ऊर्जा खाल्ली, म्हणजे पोलाद चिवट. खाच कशाला? शाम्पूच्या पुडीला काठावर चीर असते ना, त्याच कारणासाठी. फाटणं तिथूनच सुरू होतं.

लंबकाची कल्पना शार्पींची एकट्याची नव्हती, अमेरिकेत रसेल यांनी आधीच तसं यंत्र केलं होतं. माझ्या मते शार्पींचं मोठं काम वेगळंच आहे. सगळ्यांनी एकाच मापाचा तुकडा, एकाच तऱ्हेची खाच वापरावी, म्हणजे एका कारखान्याचा आकडा दुसऱ्याशी ताडता येईल, यासाठी ते झटले. पुढे ते एकोल पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापकही झाले.

जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला, शांत पाण्यात उभं असलेलं ‘स्कनेक्टडी’ हे नवंकोरं तेलवाहू जहाज गार हवेत दुभंगलं. नोव्हेंबर १९४५ मध्ये शार्पी वारले. त्यानंतर अशा तुटलेल्या जहाजांच्या पत्र्यांवर शार्पी चाचण्या झाल्या, तेव्हा या आकड्यांची खरी किंमत जगाला कळली.

आता टाकीच्या पायांकडे या. टाकीचा पत्रा सगळे तपासतात, पण पाय म्हणजे नुसता टेकू, कुठलंही लोखंड चालेल, असं मानणारे फॅब्रिकेटर मी पाहिलेत. हे धोक्याचं आहे. पाय टाकीला वेल्डिंगने जोडलेला असेल तर पायातली चीर वेल्डमधून थेट पत्र्यात शिरू शकते. म्हणून प्रेशर व्हेसलच्या अमेरिकन ‘एएसएमई’ संहितेत असे वेल्ड केलेले, टाकीच्या मजबुतीला आवश्यक असलेले जोडभागही याच नियमाखाली येतात. चाचणी लागेल की नाही हे पोलादाचा प्रकार, जाडी आणि ते जास्तीत जास्त किती गार होईल यावर ठरतं.

ऑक्सिजनच्या टाकीत आतल्या आणि बाहेरच्या भांड्यामध्ये निर्वात पोकळी असते, त्यामुळे पाय एरवी गार पडत नाहीत. द्रव ऑक्सिजन गळून पायांवर सांडला तर गोष्ट वेगळी. एलपीजीचंही तसंच: दाब झपाट्याने उतरला की टाकी उणे ४० च्या आसपास जाऊ शकते. हॉटेलच्या सिलेंडरवर चढणारा पांढरा थर ही त्याचीच छोटी आवृत्ती.

आजचा तुकडा १० × १० × ५५ मिलिमीटरचा, खाच इंग्रजी ‘व्ही’सारखी, २ मिलिमीटर खोल. शार्पींचा मूळ तुकडा याहून बराच मोठा होता. असे ३ तुकडे ठरलेल्या तापमानाला गार करतात. बाहेर काढल्यावर ५ सेकंदांच्या आत तुकडा मोडावा लागतो, नाहीतर तो आपल्या हवेने कोमट होतो आणि आकडा उगाच चांगला येतो.