नर्सिंगला ‘हलकं काम’ म्हणायचे, तेव्हा रमाबाई रानडेंनी मुलींना नर्स केलं

उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय घ्या, नाहीतर अंबरनाथ-बदलापूरमधला एखादा सरकारी दवाखाना. सिस्टर नसतील तर तिथलं पान हलत नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चांगल्या घरातली बाई नर्स होणं म्हणजे घराण्याला बट्टा, असं समजलं जायचं. महाराष्ट्रात हे चित्र बदलणाऱ्यांमध्ये मोठं नाव रमाबाई रानडे यांचं.

रमाबाईंचा जन्म आताच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावातला. माहेरचं आडनाव कुर्लेकर. १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झालं, तेव्हा त्यांना लिहिता-वाचताही येत नव्हतं. नवऱ्याने शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांनी टोमणे मारायला. तरीही त्या मराठी शिकल्या, इंग्रजीही शिकल्या.

१९०१ मध्ये न्यायमूर्ती रानडे गेले. विधवा बाईच्या वाट्याला काय येतं, हे रमाबाईंना आता स्वतःलाच कळत होतं. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन त्या महिला कैद्यांना भेटू लागल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. गोपाळ कृष्ण देवधर सोबत होते.

सेवासदनात बायका शिवणकाम शिकल्या, शिक्षिका झाल्या. तिथवर लोकांनी चालवून घेतलं. खरी अडचण आली ती नर्सिंगची. परजातीच्या रुग्णाला शिवायचं, परक्या पुरुषाची शुश्रूषा करायची, रात्रपाळी करायची, हे घरच्यांना पटेना. रमाबाईंनी पाठ सोडली नाही. सेवासदनच्या मुली ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. ज्या विधवांना दोन वेळच्या जेवणासाठी नातेवाइकांकडे बघावं लागायचं, त्यांच्या हातात स्वतःचा पगार येण्याची वाट मोकळी झाली.

१९२४ मध्ये रमाबाई गेल्या. पुढे १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, देशभरातल्या नर्सिंग शिक्षणाला एक मापदंड मिळाला. स्वातंत्र्यानंतर टी. के. अद्रानवाला या परिचारिकेने दिल्लीत केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यात देशाच्या परिचर्या सेवेची धुरा सांभाळली.

प्रत्येक देशात सरकारची एक मुख्य परिचारिका असावी आणि धोरण ठरवताना तिला खुर्ची मिळावी, असं आज जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण ज्या कामाला घरातच मान नाही, त्या कामाला दिल्लीत खुर्ची कोण देणार? रमाबाईंनी तो मान आधी घराघरांतून मिळवला.