सूर्याची ऊर्जा पृथ्वीवर आणू पाहणारे डॉ. भाभा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे अंग. या संस्थेचे संस्थापक डॉ. होमी जहांगीर भाभा यांना तारे ज्या ऊर्जेवर तळपतात, त्या ऊर्जेचे मोठे आकर्षण होते.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत जन्मलेले भाभा अभियांत्रिकी शिकण्यासाठी केंब्रिजला गेले. पण त्यांचे मन रमले ते भौतिकशास्त्रात. १९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ते येथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा संस्था उभारली.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. अध्यक्षस्थानी भाभा होते. अणुसंमीलनावरील संशोधन बडी राष्ट्रे तेव्हा गुप्त ठेवीत असत. भाभांनी मात्र या विषयाला जाहीरपणे वाचा फोडली. संमीलनातून नियंत्रित ऊर्जा मिळविण्याचा मार्ग दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी केले. सागरातील जड हायड्रोजन हे त्याचे इंधन ठरणार होते.

अणुविखंडनात युरेनियमसारखे जड अणुकेंद्र फुटते, तर संमीलनात हलकी केंद्रे एकत्र येतात. सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस तापमानाला हायड्रोजनच्या चार केंद्रांपासून टप्प्याटप्प्याने हेलियमचे एक केंद्र बनते. त्यात सुमारे ०.७ टक्के वस्तुमान घटते आणि ही घटच ऊर्जारूपाने बाहेर पडते. मात्र धन विद्युतभारामुळे ही केंद्रे एकमेकांना दूर लोटतात. पृथ्वीवर सूर्याच्या गाभ्याइतका दाब नसल्याने त्यासाठी दहा कोटी अंशांहून अधिक तापमान लागते. एवढा तप्त वायू कोणत्याही भांड्यात ठेवता येत नाही. तो चुंबकीय क्षेत्रात कोंडावा लागतो.

येथेच भाभांचे भाकीत अडले. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात त्यांचे निधन झाले आणि १९७५ हे वर्षही निघून गेले. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ मध्ये ‘आदित्य’ हे यंत्र कार्यान्वित झाले. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील प्रयोगशाळेत लक्ष्यावर सोडलेल्या लेसर ऊर्जेहून अधिक ऊर्जा संमीलनातून मिळाली. पण लेसर चालविण्यासाठी त्याहून कितीतरी अधिक वीज खर्ची पडली.

भाभांचे विज्ञान चुकले नव्हते. चुकला तो कालावधीचा अंदाज. त्यांच्याच निमंत्रणावरून १९६३ मध्ये टाटा संस्थेत आलेल्या डॉ. गोविंद स्वरूप यांनी पुढे नारायणगावजवळील खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. भाकिते काळाच्या ओघात मागे पडतात; संस्था मात्र काम करीत राहतात.